अव्वाचा एक दाणा

आमच्या घरात अमेरिका माझ्या आधीपासून राहत होती. मी लग्न होऊन आले तेव्हा दिव्याच्या कोनाड्यात ती बसलेलीच होती, जाडजूड, पुठ्ठा सुटलेली, सुतळीनं बांधलेली. आमचे हे सोलापुरात शिकत असताना जुन्या बाजारातनं त्यांनी ते पुस्तक आणलं होतं. अमेरिकेचा इतिहास. दिव्याला जागा करावी म्हणून मी ते उचलून खाली ठेवलं, तर नवा नवरा पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "अगं, तेलाचा डाग पडेल!" मी म्हटलं, "मग दिवा काय डोक्यावर ठेवू?" आमच्या संसाराची सुरुवात ही अशी झाली.

गाव नळदुर्गाच्या पलीकडं, बोरी नदीच्या अंगाला. माझं माहेर सोलापूरचं. मध्ये एक नाका, अलीकडं इंग्रजांचं राज्य, पलीकडं निजामाचं. त्या नाक्यावर माझी लग्नाची पेटी उपसून बघितली होती. लुगड्यांच्या घडीत वर्तमानपत्र लपवलंय का म्हणून! मी नवी नवरी, डोळ्यांत पाणी, आणि तो शिपाई माझी चोळी झटकून बघतोय. तो राग अजून गेलेला नाही माझा.

हे त्या गावात खाजगी शाळा चालवायचे. सरकारी शाळेत सगळं उर्दूत, म्हणून ज्यांना पोरांनी मराठी शिकावं असं वाटे ते ह्यांच्याकडं पाठवत. आम्ही राहायचो अव्वाच्या घरात. अव्वा म्हणजे आमची घरमालकीण. घरात कानडी बोलायची, दारात मराठी, आणि चिडली की दोन्ही. लिंगायताची बाई, उंच, सावळी, पन्नाशीला टेकलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं जाण्याआधी शहाणपण केलं होतं. नदीकाठचं सगळं रान कचेरीत जाऊन बायकोच्या नावावर करून ठेवलं होतं. ती स्वतः नांगराच्या मागं उभी राहून माणसांकडनं काम करून घ्यायची. मला ती 'मास्तरीण' म्हणायची, मला अक्षरओळख जेमतेम असली तरी.

शेजारचं मोठं घर तिच्या दिराचं. गावातलं सगळ्यात मोठं. दिराच्या मनात एकच होतं, आपला धाकटा मुलगा अव्वानं दत्तक घ्यावा. मुलगा वाईट नव्हता, बापच वाईट होता. दत्तक झालं की रान पोराचं, पोर बापाचं, म्हणजे रान कुणाचं ते सांगायला मास्तर लागत नाही. अव्वा 'बघू' म्हणत टाळायची. मग त्यानं दुसरी वाट धरली. चावडीवर काही ठरायचं असलं की हा उठायचा आणि म्हणायचा, "आमच्या दोनी घरांचं म्हणणं असं हाय." अव्वाला कुणी विचारायचंच नाही.

"मास्तरीण," एकदा ती मला म्हणाली, "आज दोन घरांचं एक तोंड झालं, तर उद्या दोन रानांचा एकच धनी हुईल बघ. लोकांच्या कानाला सवं लागती." तिला त्याची खरीच भीती वाटायची. रान गेलं तर ती दिराच्या ओसरीवर बसून भाकरीची वाट बघणारी म्हातारी होणार होती. तशा दोघीतिघी गावात होत्याच.

तर अमेरिका. संध्याकाळी कामं उरकली की गावातली पाचदहा माणसं अव्वाच्या ओट्यावर येऊन बसत आणि हे पुस्तक उघडत. आपल्या देशाबद्दल बोलायची सोय नव्हती. नाक्याच्या त्या बाजूच्या स्वातंत्र्यलढ्याचं बोललं की इकडं बेडी. म्हणून हे अमेरिकेचं बोलायचे. तिथल्या लोकांनी 'आम्हाला राजा नको' म्हणून सांगितलं, असं वाचलं की ओट्यावर कुणी पान चघळायचं थांबे, कुणी उगाच मागं वळून बघे. एकदा गस्तीचा जवान येऊन उभाच राहिला. "क्या चल रहा है, मास्टर?" हे म्हणाले, "अमेरिका का इतिहास है, साब. बहुत पुराना." तो म्हणाला, "अच्छा, अच्छा," आणि स्वतःच टेकून बसला! राजा नको म्हणणाऱ्यांची गोष्ट निजामाचा जवान मन लावून ऐकतोय. मी दाराआडून तोंडात पदर कोंबून हसत होते.

मला त्या गोष्टींचं नवल वाटायचं, हे खरं सांगते. इतक्या लांबचा देश, समुद्रापलीकडचा, आणि तिथं काही माणसांनी एकत्र बसून कागदावर लिहिलं की सगळी माणसं जन्मानं समान आहेत. हे वाचताना ह्यांचा आवाज कापायचा. माझ्याही अंगावर काटा यायचा. असं कुणी लिहू शकतं? लिहून सही करू शकतं? आणि आकाश कोसळत नाही?

पण ओट्यावरची माणसं शेतकरी. ती माप घातल्याशिवाय विश्वास ठेवत नसत. एकानं विचारलं, "मास्तर, सगळी म्हंजे सगळी?"

"लिहिलं तसं आहे."

"लिव्हलं ते कळलं. केलं काय?"

हे घुटमळले. मग खरं ते सांगितलं. मत द्यायचा हक्क आधी बहुतेक जमीनजुमला असलेल्या पुरुषांनाच मिळाला. ज्यांनी समान असं लिहिलं त्यांतल्या कितीकांच्या घरी विकत घेतलेली काळी माणसं राबत होती. मला राहवेना. मी दाराआडून विचारलं, "आणि बायका?"

"उद्या बघून सांगतो," हे म्हणाले. म्हणजे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे वाचलं त्यानं अव्वाला झपाटलं. ती सुपात जोंधळे घेऊन पाखडत बसली होती. हे वाचत होते, की न्यू जर्सी नावाचा एक प्रांत होता. तिथल्या कायद्यात 'पुरुष' असं लिहिलंच नव्हतं, 'सगळे राहणारे' असं लिहिलं होतं. ज्याच्याजवळ ठरलेली मालमत्ता आहे त्यानं मत द्यावं. त्यामुळं तिथं जमीन असलेल्या विधवा जायच्या, बिनलग्नाच्या बायका जायच्या, स्वतःचं काही असलेली काळी माणसंसुद्धा जायची, आणि मत देऊन यायची.

सुपाचा आवाज थांबला. "पुन्यांदा वाचा," अव्वा म्हणाली.

ह्यांनी पुन्हा वाचलं.

"म्हंजे नवरा मेलेली बाई जाती, आन आपल्या मनातलं सांगती, आन ते मोजत्यात?"

"मोजायचे."

"आन तिचा दीर?"

"दिराचं मत दिराजवळ. तिचं तिच्याजवळ."

"यव्वा!" अव्वा म्हणाली आणि सूप मांडीवरनं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर बायका बघतात ना, तसं ती त्या पुस्तकाकडं बघत होती.

मी विचारलं, "आणि नवरा असलेली?"

"तिला नाही. तिच्या नावावर काही नसतं ना," हे म्हणाले, अगदी सरळपणे. माझ्याही नावावर कुंकवाशिवाय काही नव्हतं. मी भांडी जरा जोरातच घासली त्या दिवशी.

पुढचं पान मात्र कडू होतं. तीसेक वर्षांनी तो हक्क काढून घेतला. म्हणे कचेरी कुठल्या गावात बांधायची यावरनं लोकांनी मतं दिली, आणि माणसांपेक्षा मतं जास्त निघाली. बोल बायकांवर आला. बायकांनी दोनदोनदा मत दिलं, म्हणाले. पुरुषच झगे घालून गेले होते, असंही काही लोक म्हणत. पण पुरुषांचा हक्क कुणी काढला नाही.

"कुणी धरलं हुतं का बायांना खोटं करताना?" अव्वानं विचारलं.

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग?"

ह्यांनी पान उलटलं. अव्वा पुढं कितीतरी दिवस भाकरी थापता थापता मध्येच विचारायची, "मास्तरीण, त्या बाया गप बसल्या आसतील का गं?"

मग ते वाईट दिवस आले. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं नाक्यापलीकडं गेली. आम्हीही माझ्या माहेरी येऊन राहिलो, अव्वाला घेऊन. पुस्तक तिनं आपल्या गाठोड्यात, देवाच्या भांड्यांजवळ ठेवलं होतं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि आम्ही परतलो तेव्हा ओट्यावर गवत उगवलं होतं. त्या दिवसांबद्दल मला जास्त बोलवत नाही.

गाव पुन्हा वसू लागलं आणि एके सकाळी जीपमधनं एक अधिकारी आला. देवळासमोर सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, गावचं काम बघायला चार पंच नेमा आणि त्यांच्यावर एक मुख्य. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पुन्हा येतो तेव्हा मला सांगा.

तुमचं तुम्ही ठरवा! जीप धुरळा उडवत गेली आणि माणसं तशीच उभी. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "ठरवा म्हंजी? हुकूम काय दिलाय त्यानं?" शेजारचा म्हणाला, "ह्योच दिलाय." त्या म्हाताऱ्यानं पागोटं काढून डोकं पुसलं आणि परत घातलं. उभ्या जन्मात त्याला कुणी ठरवायला सांगितलं नव्हतं. मला भरून आलं. हसू नका, खरंच भरून आलं. पुस्तकातली गोष्ट समुद्र ओलांडून आमच्या देवळापुढं येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं.

चार पंच बोलता बोलता ठरले. मुख्य कोण यावर अडलं. एका बाजूला अव्वाचा दीर, दुसऱ्या बाजूला वरच्या आळीचा एक शांत, कमी बोलणारा शेतकरी. ह्यांनी सुचवलं की दोन चरव्या ठेवू, प्रत्येकानं हवं त्या भांड्यात जोंधळ्याचा एक दाणा टाकावा, मग मोजू. सगळ्यांना पटलं. पण दाणा कुणी टाकायचा? दीर म्हणाला, "ज्याची जमीन, त्याचा दाणा. मास्तरांच्या पुस्तकात बी तसंच हाय. येवड्या मोट्या अमेरिकेनं सुदिक आदी जमीनवाल्यालाच दिलं." ह्यांनी सांगून बघितलं की ते काही तिथलं चांगलं नव्हतं, चूकच होती. पण जमीनवाल्यांना ती चूक फार आवडली. लिंबाखाली लांब बसलेली महारवाड्यातली माणसं, ज्यांच्या हातांनी निम्मं गाव पिकायचं, ती नुसती ऐकत बसली. आणि गंमत बघा, आमच्या ह्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. गावाला मत शिकवणाऱ्या मास्तरालाच मत नाही! मी घरी आल्यावर म्हटलं, "या बसा माझ्याशेजारी. आता आपण दोघं समान."

पण ते नंतरचं. तिथं सभेत अव्वा उठली. बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या राहत, ती भिंत ओलांडून पुढं आली.

"रान माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "दाणा म्या टाकणार."

दीर हसला. "वैनी, दोनी घरांचं मी टाकतो की. तुमी कशाला तरास घेता?"

"भावजी, तुमच्या घराचं तुमी टाका."

गलका झाला. बाईमाणूस म्हणे, चारचौघांत म्हणे, कधी झालं नाही म्हणे. अव्वानं गळ्यातलं लिंग पदरावर काढलं, सगळ्यांना दिसेल असं. "हे बांधताना मला कुणी इचारलं न्हाय, बाई हायस का बापय म्हनून. तुमच्या गळ्यात बी ह्येच, माझ्या गळ्यात बी ह्येच. देवाला चालतंय, आन तुमच्या चरवीला न्हाय चालत?"

देवळाचे जंगमस्वामी आतापर्यंत डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "जमीन असंल त्याचा दाणा, असंच ठरलं न्हवं? मग जमीन तर तिची हाय." दिराचाच नियम दिराच्या पायात आला.

ठरलेल्या दिवशी दोन पितळी चरव्या दिराच्याच घरातनं आल्या, मोठं घर म्हणून. एकीला पांढरं फडकं बांधलं ते दिराचं, दुसरीला हळदीचं ते त्या शेतकऱ्याचं. चरव्या खोल, तोंडानं लहान. माणूस यायचा, दोन्ही चरव्यांत मूठ घालायचा, एकीत दाणा सोडायचा, म्हणजे कुणाचं कुणाला कळू नये. अव्वा आली ती नवं इरकल नेसून. कपाळभर भस्म. दाणा तिनं स्वतःच्या रानातला आणला होता, निवडून, टपोरा. इतका वेळ मूठ मिटलेली की दाणा घामानं ओला झाला असावा. एका चरवीत हात घातला, मग दुसरीत. आणि मोकळा तळवा बघत ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मी भिंतीआडून बघत होते. आमच्याकडं बाईला नारळाइतकाही मान मिळायचा नाही, आणि ती तिथं सगळ्या गावासमोर उभी होती.

मोजायला गावचा वाणी बसला. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यानं सवयीनं तसंच मोजलं. लाभ, दोन, तीन, चार. दोन्ही चरव्या झाल्या, बेरीज झाली, आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा मोजले. माणसांपेक्षा दाणे जास्त होते. दहाबारा तरी जास्त. आणि जास्त दाणे हळदीच्या चरवीत, म्हणजे दीर हरत होता.

दीर ताडकन उठला. "म्या म्हनलं हुतं! बाईमानसाला मत दिलं की ह्येच हुतंय. हिनंच मूठभर टाकलं. मास्तर, तुमीच वाचलं न्हवं का? तिकडं अमेरिकेत बी बायांनी असंच केलं, आन मग त्यांचं मत काडून घेतलं. आता सांगा गावाला!"

आमचे हे पांढरेफटक पडले. स्वतःच वाचलेलं, ओट्यावर, सगळ्यांच्या देखत. "तिथं तसं सिद्ध झालं नव्हतं..." असं काहीतरी ते पुटपुटले, पण कोण ऐकतंय? माणसं माना डोलवू लागली. दीर म्हणाला, हिचा दाणा बाद करा, आणि इथून पुढं दोन्ही घरांचं मीच बोलणार, हे गावानं आजच ठरवून टाका. तेच तर त्याला हवं होतं. अव्वा एकच वाक्य बोलली, "म्या एकच टाकला." दुसऱ्यांदा बोलली तेव्हा आवाज बसला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, कुणाकडंच बघत नव्हती. माझ्या मनात आलं, त्या तिकडच्या बायका अशाच उभ्या राहिल्या असतील. मला फार संताप आला.

माझ्या शेजारी दिराची बायको उभी होती, अव्वाची धाकटी जाऊ. पुरुषासमोर तिचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. नवरा आत आला की ती भिंतीला चिकटून वाट द्यायची, त्याच्याच घरात. तिनं माझा दंड घट्ट धरला, मग सोडला, आणि भिंतीच्या बाहेर एक पाऊल टाकलं. पदर नाकापर्यंत ओढलेला.

"अक्कांनी न्हाय टाकलं," ती म्हणाली. "म्या टाकलं."

सगळे वळले.

"चरव्या माझ्या घरच्या. सकाळी न्यायला आलात. रितं भांडं कसं देऊ घरातनं? चिमटी चिमटी जोंधळं टाकलं दोनीत, आन मग दिलं." आणि मग, नवऱ्याकडं न बघता, "आजवर ह्या घरातनं रितं भांडं भायेर गेलंय व्हय कधी?"

कुठल्याशा म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. अहो, प्रत्येकाच्या घरात हेच! शेजारणीला वाटी परत करायची तरी त्यात चार दाणे नाहीतर गुळाचा खडा घालतात. ताक मागायला आलेल्याचं भांडंसुद्धा कुणी रितं पाठवत नाही. त्या दोन चरव्या निजामाच्या राज्यापेक्षा जुन्या चालीनं भरून आल्या होत्या, आणि एकाही शहाण्याला आत डोकावून बघायचं सुचलं नव्हतं. आमच्या मास्तरांना तर नाहीच. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काय झालं ते तोंडपाठ, पण समोरच्या चरवीत काय आहे ते बघितलं नाही! ह्यावरनं मी त्यांना मरेपर्यंत छळलं.

माणसं हसायला लागली, सुटल्यासारखी. पण मी त्या जावेकडं बघत होते. ती हसत नव्हती. तिला ठाऊक होतं ती काय करून बसली होती. नवऱ्याला सगळ्या गावासमोर खोटं पाडलं होतं, आणि संध्याकाळी त्याच घरात जायचं होतं. तिला तर दाणाही नव्हता. जिला मत नव्हतं तिनं दुसरीचं मत वाचवलं. मी पुस्तकातल्या कितीतरी मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या, पण एवढी मोठी गोष्ट मी ऐकली नाही, बघितली.

स्वामींनी सांगितलं, पुन्हा टाका. चरव्या सगळ्यांसमोर उपड्या केल्या. तर एक म्हातारा अडून बसला, रित्या भांड्यात सुरुवात करायची म्हणजे अपशकुन. शेवटी दोन्हीत एकेक गुळाचा खडा टाकला, गावाला दाखवून. गूळ मोजायचा नाही, असं वाण्याला दोनदा बजावलं. अव्वाजवळ दुसरा दाणा नव्हता. जावेनं कनवटीला हात घातला. सकाळच्या चिमटीतले काही तिथं अडकले होते. त्यातला एक तिनं अव्वाच्या हातावर ठेवला.

दीर हरला. अव्वानं कुणाला दाणा दिला ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारलं. "सांगायचंच आसतं तर चावडीवर वरडले नसते का?" असं म्हणून तिनं मला गप्प केलं. पण त्या दिवसापासून 'दोनी घरांचं म्हणणं' हे शब्द दिराच्या तोंडून निघाले नाहीत. निघाले असते तरी गाव हसलं असतं. रान अव्वाचं ते अव्वाचंच राहिलं.

जावेची मला काळजी होती. दुसऱ्या दिवशी ती आडावर पाण्याला आली तेव्हा मी धावत गेले. गालावर वळ होता. ती घागर बुडवत म्हणाली, "काल जेवलं न्हाईत. आज जेवत्यात का बघायचं." मग जरा थांबून म्हणाली, "मास्तरीण, म्या लई मोट्यानं बोलले का वं?" मी म्हटलं, "सगळ्या गावाला ऐकू आलं." ती लाजली. तिला बरं वाटलं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

आणि मग काही वर्षांनी ती मोठी निवडणूक आली, सगळ्या देशाची. जमीन असो नसो, बाई असो बापय असो. आमचे हे ती बातमी वाचता वाचता थांबले आणि चष्मा पुसत बसले. म्हणाले, अमेरिकेला इथपर्यंत यायला किती पिढ्या लागल्या, आणि आपण पहिल्याच दिवशी. शाळेपुढं रांग लागली. लिंबाखाली बसणारी माणसं रांगेत होती, मी होते, बिनजमिनीचा माझा नवरा पुरुषांच्या रांगेत होता. अव्वा थकली होती, काठी टेकत आली. तिला सगळे पुढं जा म्हणाले. ती दारापर्यंत गेली, आणि मागं वळून जावेला शोधायला लागली.

जाऊ रांगेच्या शेवटी, पदर ओढून उभी होती. अव्वानं तिला हाताला धरून पुढं आणलं आणि आपल्या जागी उभं केलं.

"माझं एकदा झालंय," ती म्हणाली. "आदी तू जा."

जाऊ आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा पदर खांद्यावर होता, आणि तो पुन्हा ओढायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.